रतिबाचे पाऊच: पैसा नेमका कुठे जातो

दर महिन्याला काळा मसाला, भाजणी, मेतकूट घरपोच पाठवणाऱ्या गृहउद्योगांची पॅकिंगची चौकशी बहुतेक एकाच प्रश्नाने सुरू होते. पाऊच कितीला? पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत मशीद बंदरला हे विचारले की दुकानदार शेकड्याचा भाव सांगतो, मग घासाघीस होते आणि सहा रुपयांचे पाऊच साडेपाचला मिळाले की मंडळी मोहीम फत्ते करून घरी परततात. त्या अर्ध्या रुपयाचे मोल आधी मोजून टाकू. समजा तुमचे २०० सभासद आहेत आणि प्रत्येकाला महिन्याला चार पाऊच जातात. वर्षाचे झाले ९,६०० पाऊच, वाचले ४,८०० रुपये. वाईट नाही. पण याच २०० सभासदांच्या कुरिअरवर, केवळ बाहेरचे वेष्टन चुकले म्हणून, वर्षाला लाखभर रुपये जादा जाऊ शकतात आणि त्यासाठी कुणी कुणाशी भांडत नाही.

म्हणून हिशेब कुरिअरपासून मांडू. खालचे दर हिशेबाची रीत दाखवण्यापुरते धरलेले आहेत. शहर, हंगाम आणि तुमची खरेदी किती मोठी, यावर ते बदलतात. त्या जागी आपले आकडे घालून पाहा.

आधी स्लॅब, मग पाऊच

खासगी कुरिअर कंपन्या साधारणपणे अर्ध्या किलोच्या टप्प्यांनी पैसे घेतात. ९९० ग्रॅमचे पार्सल एक किलोच्या दरात जाते, १,०१० ग्रॅमचे दीड किलोच्या. शिवाय वजन दोन प्रकारे धरतात. एक काट्यावरचे, दुसरे आकारमानाचे, म्हणजे व्हॉल्युमेट्रिक. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,०००ने भागायचे की किलो निघतात. दोन्हींपैकी जे जास्त, त्याचे पैसे. हा भाजक काही करारांत ५,०००पेक्षा लहानही असतो, आणि भाजक लहान म्हणजे बिल मोठे. करार करताना दराआधी हा आकडा विचारा.

आता एक खरा वाटावा असा महिन्याचा संच घेऊ: थालीपीठ भाजणी ५०० ग्रॅम, काळा मसाला २००, मेतकूट १००, शेंगदाण्याची चटणी १००. निव्वळ माल ९०० ग्रॅम.

पहिली तऱ्हा प्लास्टिकच्या बरण्यांची. चार बरण्या, बबल रॅप आणि २८ × २२ × १४ सेंटिमीटरचा खोका. काट्यावर वजन सव्वा किलोच्या आसपास भरेल, पण आकारमानाने ते १.७२ किलो होते आणि बिल दोन किलोचे येते.

दुसरी तऱ्हा पाऊच आणि लहान खोका. २४ × १८ × ९चा तीन प्लायचा खोका घेतला तर आकारमान पाऊण किलोच्या थोडे वर. इथे काट्याचे वजन चालेल: माल ९००, पाऊच आणि लेबले मिळून ३५, खोका शंभरेक, कागद-चिकटपट्टी-पत्रक मिळून ४०. बेरीज १,०७५ ग्रॅम. पंच्याहत्तर ग्रॅमसाठी दीड किलोचे पैसे.

तिसरी तऱ्हा पाऊच कागदात गुंडाळून थेट कुरिअर बॅगेत. ६० मायक्रॉनची ३० × ३५ सेंटिमीटरची बॅग जेमतेम बारा ग्रॅम भरते. सगळे धरून ९७० ग्रॅमच्या आत. एक किलो.

अर्ध्या किलोला ४५ रुपये धरले तर या तीन तऱ्हांचे १८०, १३५ आणि ९० रुपये होतात. इंधन अधिभार आणि १८ टक्के जीएसटी वेगळा. दुसऱ्या आणि तिसऱ्या तऱ्हेतला फरक महिन्याला ४५ रुपये, म्हणजे २०० सभासदांचे वर्षाला १,०८,००० रुपये. बरण्यांशी तुलना केली तर २,१६,०००. काही कंपन्या पहिल्या अर्ध्या किलोला जास्त आणि पुढच्या प्रत्येक टप्प्याला कमी दर लावतात. तिथे फरक आकसेल, पण नाहीसा होणार नाही. परदेशी पार्सलला तर अर्ध्या किलोचा प्रत्येक टप्पा इथल्या अनेक पटींनी महाग असल्याने हाच हिशेब आणखी बोचतो.

यावरून कुणी सगळाच माल कुरिअर बॅगेत कोंबू नये. पूड, भाजणी, मसाला, चटणी यांना दाबाचे काही वाटत नाही. चिवडा, चकली, कडबोळी, बेसनाचे लाडू यांना वाटते. कुरकुरीत आणि ठिसूळ मालाला खोका लागतोच. तिथे पैसे वाचवायचे तर खोक्याचा आकार पाऊच भरून, मांडून, मोजून मग ठरवा. बाजारात तयार मिळतो तो खोका आणायचा आणि उरलेली जागा कागदाच्या बोळ्यांनी भरायची, म्हणजे दरमहा हवेचे भाडे भरणे. मिश्र संच असेल, उदाहरणार्थ भाजणीबरोबर चकली, तर फक्त चकलीसाठी साधा पुठ्ठ्याचा पातळ डबा आत ठेवून बाकी सगळे बॅगेत जाऊ शकते का, हे करून पाहण्यासारखे आहे.

कुरिअर बॅगा बाजारात ५१ मायक्रॉनच्या सर्रास दिसतात, कारण प्लास्टिकच्या नियमांत ५० मायक्रॉनची किमान जाडी आहे आणि विक्रेते ती काठावर पाळतात. किलोभर मालासाठी ६०ची घ्यावी. फरक पैशांत पाहिला तर बॅगेमागे किरकोळ आहे.

दुकानाच्या फळीसाठी केलेले पाऊच रतिबाला कशाला

बाजारातले बहुतेक तयार पाऊच किराणा दुकानाचा विचार करून बनतात. वर टांगायचे भोक, समोर पारदर्शक खिडकी, चमकदार पृष्ठभाग, उभे राहावे म्हणून तळाला गसेट, सहा-नऊ महिने टिकावे म्हणून हवा-ओलाव्याला जाड अडथळा. रतिबाच्या ग्राहकाने माल आधीच घेतलेला असतो. त्याला तो फळीवरून उचलायचा नसतो, आणि भाजून-कुटून चार-पाच दिवसांत निघालेला मसाला आठवड्यात त्याच्या घरी पोहोचलेला असतो. त्याला लागणारी टिकाऊपणाची मुदत दीड-दोन महिने, फार तर तीन. पुढचा महिना आला तरी मागचा मसाला संपलेला नाही, अशी घरे असतात, म्हणून थोडी ऐसपैस मुदत धरा. पण दुकानाएवढी नव्हे.

यातून बरेच काही गळते. टांगायचे भोक नको. खिडकी नको, उलट ती नुकसानच करते. खिडकीतून उजेड आत जातो, आणि शेंगदाणा, तीळ, खोबरे यांचे तेल उजेडाने लवकर खवट होते. चकचकीत पाऊचच्या मधोमध पारदर्शक पट्टी ठेवली की तेवढ्या पट्टीत अडथळाही कमी पडतो. जाड भिंत बांधून खिडकी उघडी टाकावी, तसा प्रकार.

झिपबद्दल मात्र सरसकट सांगता येत नाही. मसाला रोज थोडा थोडा लागतो, तिथे झिप हवी. भाजणीचे अर्धा किलो पाऊच घरात आले की बहुतेक ठिकाणी डब्यात ओतले जाते, तिथे झिपचा रुपया वाया. मला विचाराल तर पहिल्या महिन्यात सभासदाला एक चांगला डबा किंवा बरणी द्यावी आणि पुढे ‘भरणीचे’ सपाट, तीन बाजू सील केलेले, बिनझिपचे पाऊच पाठवावे. ते उभ्या पाऊचपेक्षा स्वस्त पडते, पार्सलमध्ये पुस्तकासारखे चपटे बसते आणि आकारमान कमी ठेवते. बरणीचा खर्च एकदाच होतो. सभासदांना आधी विचारून घ्या, कारण वसतिगृहात किंवा पेइंग गेस्ट म्हणून राहणाऱ्या मुलांना डबा नको असतो, त्यांना झिपच सोयीची.

पाऊचच्या पोटात काय असते

दुकानदार ‘सिल्व्हर पाऊच’ म्हणतो तेव्हा तो दोन अगदी वेगळ्या गोष्टींपैकी काहीही देत असू शकतो. एकात खरा अॅल्युमिनियमचा पत्रा असतो, सात ते नऊ मायक्रॉनचा. दुसऱ्यात पॉलिस्टरच्या पातळ फिल्मवर अॅल्युमिनियमची वाफ बसवलेली असते. तिला बाजारात मेटलाइज्ड किंवा नुसते मेट पेट म्हणतात. उजेडासमोर धरून पाहा. पत्र्यातून काहीच दिसत नाही, मेट पेटमधून मोबाइलची बॅटरी अंधूक दिसते.

काम कोण काय करते ते समजले की निवड सोपी होते. सर्वांत आतला थर पॉलिथिनचा, बाजाराच्या भाषेत पॉली. तो वितळून सील होतो. पाण्याची वाफ तो बऱ्यापैकी अडवतो, पण ऑक्सिजन आणि वास यांच्यासमोर चाळणी ठरतो. ५० मायक्रॉनच्या पॉलीमधून दिवसाला दर चौरस मीटरमागे काही हजार घनसेंटिमीटर ऑक्सिजन पार होतो. १२ मायक्रॉनच्या साध्या पॉलिस्टरमधून शंभर-सव्वाशेच्या आसपास, आणि मेट पेटमधून एक-दोन. म्हणूनच नुसत्या पॉलीच्या पिशवीत भरलेला गोडा मसाला कपाटभर वास सोडतो. तो वास म्हणजे तुमचा मालच बाहेर पडत असतो.

काळा आणि गोडा मसाला, दाण्याची किंवा खोबऱ्याची चटणी, तेलावर परतलेले काहीही: पॉलिस्टर, मेट पेट, पॉली असे तीन थर पुरेसे. खऱ्या पत्र्याची गरज रतिबाच्या मालाला क्वचित पडते. शिवाय पत्रा घडी पडली की सूक्ष्म छिद्रे धरतो, आणि कुरिअरमध्ये घड्या पडणारच. मेट पेट घडी जास्त सोसतो. भाजणी आणि मेतकूट यांचा शत्रू मुख्यतः दमटपणा. तिथे महिना-दीड महिन्यासाठी पॉलिस्टर आणि ७५ मायक्रॉन पॉली असे दोन थर चालून जातात, पण जुलै-ऑगस्टमध्ये रत्नागिरी-सिंधुदुर्गात किंवा गोव्यात पार्सल जात असेल तर तेवढ्या महिन्यांपुरते मेट पेट वापरा. चिवड्याला मेट पेटच लागतो, शक्य झाल्यास नायट्रोजन भरून. पण फुगवलेले पाऊच जागा खाते, म्हणजे पुन्हा आकारमानाचे वजन वाढते. शिवाय विमानाने गेलेले जास्त फुगलेले पाऊच सीलवर फाटू शकते. नायट्रोजन भरा, पण गच्च फुगवू नका. तेल सुटणाऱ्या लोणच्याबद्दल मी थेटच सांगतो: रतिबाच्या पहिल्या वर्षी लोणचे पाऊचमध्ये पाठवू नये. आम्ल, मीठ आणि तेल मिळून सीलची खरी परीक्षा घेतात. एक गळले की त्या पार्सलमधली बाकीची तीन पाऊचही गेली.

क्राफ्ट पेपरच्या तपकिरी पाऊचचा सध्या बोलबाला आहे. दिसायला देखणे, हाताला छान. पण आत पॉलीचा आणि बहुधा मेट पेटचा थर असतोच, नाहीतर मसाला त्यात आठवडाभरही टिकणार नाही. कागद आणि प्लास्टिक चिकटलेले असल्याने रद्दीवालाही ते घेत नाही. वरचा कागद दमट हवेत ओलावा धरतो, कोपरे झिजतात. लूक हवा म्हणून घेत असाल तर घ्या, पण त्यावर ‘पर्यावरणपूरक’ लिहू नका. एकाच जातीच्या प्लास्टिकचे, म्हणजे सगळे थर पॉलिथिनचेच असलेले पाऊच आता मिळतात आणि पुनर्वापराच्या दृष्टीने ते खरे बरे. दर जास्त असतो आणि छोट्या खरेदीला उत्पादक फारसे उत्सुक नसतात. कंपोस्ट होणाऱ्या फिल्म दमट हवेत मसाल्याचे रक्षण करण्यात अजून तोकड्या पडतात.

भाव किलोचा काढा

फिल्म किलोने विकली जाते, पाऊच नगाने. मधली पायरी ग्राहकाला कुणी समजावून देत नाही, म्हणून ती इथे करून दाखवतो.

पॉलिस्टरची घनता १.४. म्हणजे १२ मायक्रॉनचा एक चौरस मीटर १६.८ ग्रॅम. मेट पेटचाही तेवढाच. पॉलीची घनता ०.९२, म्हणून ५० मायक्रॉनचे ४६ ग्रॅम. चिकटद्रव्य आणि शाई मिळून पाचेक ग्रॅम. एकूण साधारण ८५ ग्रॅम दर चौरस मीटर, म्हणजे ८५ जीएसएम. काळ्या मसाल्याचे २०० ग्रॅमचे उभे पाऊच १३ सेंटिमीटर रुंद, २० उंच, तळाचा गसेट उघडून ७. फिल्म लागली १३ × ४७, म्हणजे ६११ चौरस सेंटिमीटर. वजन ५.२ ग्रॅम. एका किलोत जवळपास १९० पाऊच.

पाऊच बनवणावळीसह किलोला ४०० रुपये धरले तर एक पाऊच दोन रुपये दहा पैशांना पडले. झिप धरून तीनच्या आसपास. शंभर नग सुटे घेतल्यावर त्याचेच सहा-सात रुपये लागतात. या फरकात दुकानदाराची लूट नाही. तो साठा करतो, दहा आकार ठेवतो, तुम्हाला शंभरच देतो. पण महिन्याला ८०० पाऊच नेमाने लागणार असतील तर दोन-तीन गृहउद्योगांनी मिळून बिनछापील पाऊच थेट बनवणाऱ्याकडून घेणे परवडते. रतिबाच्या धंद्यात पुढच्या महिन्याची गरज आधी कळते, तिचा हा खरा फायदा. बचतगटांना तर हे सहज जमावे.

सांगितलेली जाडी खरी आहे का, हे घरी तपासता येते. पाऊच कापून १० × १० सेंटिमीटरचे दहा तुकडे करा आणि सोनाराच्या धर्तीच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन करा. दहा तुकडे म्हणजे चौरस मीटरचा दहावा हिस्सा, आलेल्या वजनाला दहाने गुणले की जीएसएम. ८५ सांगितले आणि ७० निघाले तर कुठलातरी थर पातळ आहे, आणि तो बहुतेक वेळा आतला पॉलीचा असतो. पाऊच नगावर घेताना फिल्म पातळ करणे हा बाजारातला सर्वांत सोपा डाव आहे.

बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो तोही हिशेबात धरा. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर तो वळता करून घेता येतो, नसेल तर तो सरळ खर्च. आणि इथे एक गोष्ट बरेच जण उशिरा शिकतात. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव इथल्या मराठी घरांना करपात्र माल पाठवायचा म्हणजे आंतरराज्य विक्री झाली, आणि तिला उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी लागते.

छपाईचा मोह

सुंदर छापलेले पाऊच हातात घेतल्यावर मन हलते, हे खरे. पण आकडे पाहा. ग्रॅव्ह्युअर छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो. सहा रंग आणि सिलिंडरमागे ५,००० रुपये धरले तर ३०,००० आधी मोजायचे. वर किमान मालाची अट येते. ती २०० किलो असेल तर वरच्या हिशेबाने ३८,००० पाऊच झाले, एकाच पदार्थाचे, एकाच मापाचे. तुमचे २०० सभासद महिन्याला २०० वापरणार. म्हणजे ते संपायला १९० महिने, जवळजवळ सोळा वर्षे. अट १०० किलोवर आणली तरी आठ वर्षे.

आठ वर्षांत पत्ता बदलतो, परवाना बदलतो, वजन २०० वरून १८० होते, लेबलाचे नियम तर दर दोन-तीन वर्षांनी हलतात. मग छापलेले पाऊच माळ्यावर. सर्व पदार्थांना चालेल असे एकच ‘कॉमन’ पाऊच छापून पदार्थाचे नाव लेबलाने लावणे हा मधला मार्ग. तोही महिन्याला दोन-तीन हजार पाऊच लागू लागल्यावरच विचारात घ्यावा. डिजिटल छपाईत सिलिंडर नसतो, पाचशे-हजार नगही छापून मिळतात, पण नगाचा दर साध्या पाऊचच्या दुप्पट-तिप्पट जातो. दिवाळीच्या खास संचासाठी ठीक.

बाकी वर्षभर साधे पाऊच आणि चांगल्या कागदाचे, चांगल्या अक्षरांचे लेबल. लेबलाला रुपया-दीड रुपया जातो. तेलकट बोटांनी पुसले जाणार नाही असे लॅमिनेट केलेले लेबल घ्या, साध्या कागदाचे चटणीच्या पाऊचवर आठवड्यात कळकट होते.

छापायचेच ठरले तर तीन गोष्टी लेखी घ्या. सिलिंडर कुणाच्या मालकीचे, आणि उद्या दुसरीकडे छापायचे झाले तर ते मिळतील का. मागणीपेक्षा दहा टक्के कमी-जास्त माल देण्याची या धंद्यात पद्धत आहे, जादा माल घ्यावाच लागेल का. आणि तारीख, बॅच, किंमत यांची जागा कोरी सोडली आहे का. छापलेल्या किमतीवर चढ्या किमतीचे स्टिकर लावता येत नाही, त्यामुळे एमआरपी फिल्मवर छापणे म्हणजे स्वतःचेच हात बांधणे.

गळती

फुटलेल्या पार्सलांपैकी फार थोडी फिल्म फाटल्याने फुटतात. सील सुटते. हातावरच्या साध्या सीलरची रेघ दोन-तीन मिलिमीटर रुंद असते, पुडीचा कण तिच्यात अडकला की तिथे बारीक वाट राहते. हा सीलर हजार-दोन हजारांत येतो आणि महिन्याला शंभर पाऊचपर्यंत पुरतो. त्यापुढे पट्टा फिरणारा बँड सीलर घ्यावा. पंधरा-वीस हजारांच्या आसपास साधे यंत्र मिळते, सील रुंद आणि दर वेळी एकसारखे बसते, तारीख उमटवायची सोयही असते. भरताना लांब नळीचे नरसाळे वापरा, तोंड कोरड्या फडक्याने पुसा, हवा दाबून काढा, आणि झिप असली तरी तिच्यावर उष्णतेचे सील हवेच. भाजणी पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नका. कोमट भरली की आत घाम धरते आणि मग दोष पाऊचला जातो.

हिशेब इथेही बोलका आहे. दोनशे पार्सलांत सहा गळाली, म्हणजे तीन टक्के. मालाचे ३५० आणि पुन्हा पाठवण्याचे करासह १०६ धरले तर महिन्याला सुमारे २,७०० रुपये गेले. वैतागून रतीब बंद करणारा सभासद वेगळा. आतला पॉलीचा थर ५०चा ७५ मायक्रॉन करायला वरच्या दराने मसाल्याच्या पाऊचमागे छपन्न पैसे जादा पडतात, आठशे पाऊचचे पाचशेच्या आत. वजन पार्सलमागे सहा-सात ग्रॅमने वाढेल, आणि तिसऱ्या तऱ्हेत आपल्याकडे तीसेक ग्रॅम शिल्लक आहेत. नेहमी एवढी जागा राखून ठेवा.

तपासणीला प्रयोगशाळा लागत नाही. भरलेले पाऊच बादलीत बुडवून दाबा, बुडबुडा आला तर सील कच्चे. कमरेइतक्या उंचीवरून चारही कोपऱ्यांवर टाका. मग एक पार्सल भर मे महिन्यात नागपूरच्या आणि एक भर पावसात कोकणातल्या नातेवाइकाकडे नेहमीच्याच कुरिअरने पाठवून, न उघडता परत मागवा. जाऊन-येऊन दुप्पट मार बसतो आणि खर्च पार्सलमागे दोनतीनशेच्या घरात राहतो.

कागदपत्रे

पाऊचवाल्याकडून थरांची रचना बिलावर किंवा पत्रावर लिहून घ्या. ‘फूड ग्रेड आहे हो’ हे तोंडी वाक्य कामाचे नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे पॅकेजिंगचे नियम २०१८चे आहेत. त्यांनुसार प्लास्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या द्रव्यांची एकूण मर्यादा किलोमागे ६० मिलिग्रॅम किंवा चौरस डेसिमीटरमागे १० मिलिग्रॅम आहे, आणि छपाईची शाई आयएस १५४९५ मानकाची लागते. या मर्यादेच्या चाचणीचा अहवाल उत्पादकाकडे असायला हवा, त्याची प्रत मागा, त्यासाठी तुम्ही पैसे मोजायचे कारण नाही. शंका असेल तर अंधेरीच्या भारतीय पॅकेजिंग संस्थेच्या प्रयोगशाळेत नमुना तपासून मिळतो. वर्तमानपत्राचा कागद खाद्यपदार्थाला थेट लावायला मनाई आहे. बाहेरच्या गुंडाळीलाही कोरा कागदच वापरावा, शाईचा वास मेतकुटाला लागायला वेळ लागत नाही.

लेबलावर पदार्थाचे नाव, घटक, पोषणमूल्ये, शाकाहाराचे हिरवे चिन्ह, बॅच, तारखा, चौदा अंकी परवाना वा नोंदणी क्रमांक, शेंगदाणा किंवा तीळ असल्यास अॅलर्जीची सूचना हे अन्न सुरक्षेचे. वैधमापनाच्या २०११च्या नियमांप्रमाणे निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, ग्राहक तक्रारीचा संपर्क, आणि एक किलोच्या आतल्या मालाला ग्रॅममागची किंमतही. अर्धा किलो भाजणी १८० रुपयांना असेल तर ‘प्रति ग्रॅम ३६ पैसे’. हे प्रत्येक पाऊचवर हवे, खोक्यावर एकदा लिहून भागत नाही. एवढा मजकूर १०० ग्रॅमच्या पाऊचवर वाचता येईल अशा अक्षरांत बसतो का, ते आकार ठरवण्याआधी कागदावर आखून पाहा. पुष्कळदा पाऊच यासाठीच एक माप मोठे घ्यावे लागते.

प्लास्टिक कचऱ्याची उत्पादक-जबाबदारी, म्हणजे ईपीआर, २०२२पासून ब्रँडमालकांवर आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांतल्या ब्रँडमालकांना त्यातून वगळले आहे. तुमच्याकडे त्यासाठी उद्यम प्रमाणपत्र तयार हवे. पाऊच बनवणाऱ्याची प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी आहे का, हेही विचारा. १ जुलै २०२५पासून प्लास्टिक वेष्टनाबरोबर उत्पादकाची माहिती बारकोड, क्यूआर कोड, माहितीपत्रक किंवा विशिष्ट क्रमांकाच्या रूपात देण्याची तरतूद लागू आहे. मशीद बंदरच्या सुट्या मालावर ती बहुधा नसते, थेट बनवणाऱ्याकडून घेताना ती मागता येते.

नवा रतीब सुरू करत असाल तर पहिल्या तीन महिन्यांपुरतीच खरेदी करा: पन्नास सभासद धरले तर प्रत्येक पदार्थाचे पावणेदोनशे पाऊच, तेवढीच लेबले, दोन मापांच्या कुरिअर बॅगा. तिसऱ्या महिन्याच्या पार्सलात एक चिठ्ठी घाला आणि तीन प्रश्न विचारा. माल डब्यात ओतता की पाऊचमध्येच ठेवता? मागचा किती उरला आहे? पार्सल कोणत्या अवस्थेत आले? झिप ठेवायची की काढायची, २०० ग्रॅमचे १५० करायचे का, पॉली जाड करायची का, ते उत्तरांवर ठरेल. २००चे १५० झाले तर संचाचे वजनही उतरते आणि त्या जागेत आणखी एक लहान पाऊच एक किलोच्याच स्लॅबमध्ये बसते.